कुलपाआडचे मैदान

(फुनाबोरी येथे मंडळाच्या मासिक बैठकीत झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक)



रविवारची दुपार सोडून आपण इतके जण असल्या विषयावर ऐकायला आलात, याबद्दल आधी आभार. बैठकीची मेल गेल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारले, "नक्की कशावर बोलणार? तुरुंगावर, मनोरुग्णालयावर, की जिमवर?" उत्तर असे की तिन्हींवर थोडे थोडे. एकाने मात्र आडपडदा न ठेवता विचारले, "ज्याने माणूस मारला, त्याला बॅडमिंटन कशाला?" प्रश्न रास्त आहे. आजचे सगळे बोलणे या प्रश्नाच्या उत्तरासाठीच आहे असे समजा.

माझी ओळख थोडक्यात. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मराठीत व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणतात. शिक्षण मुंबईत झाले, मग काही वर्षे इंग्लंडमधल्या एका बंदिस्त मनोरुग्ण वॉर्डात काम केले आणि आता घरच्यांच्या नोकरीमुळे मुक्काम इथे, आपल्या एदोगावात. माझ्या कामाचा मोठा भाग खेळ आणि व्यायाम घेण्याचा होता. वॉर्डातल्या सगळ्या रुग्णांना कोर्टाने पाठवलेले असे.

आधी हे रुग्ण कोण, ते पाहू. आपला जुना भारतीय दंड संहितेतला कलम ८४ पुष्कळांना ठाऊक असेल. गुन्हा करताना मनोविकारामुळे आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हेच ज्याला कळत नव्हते, त्याला दोषी धरता येत नाही, असे ते कलम सांगे. त्याचे मूळ इंग्लंडमधल्या १८४३ सालच्या मॅक्नॉटन खटल्यात आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली आणि कलम ८४ चे कलम २२ झाले. तत्त्व तेच राहिले. जगातल्या बहुतेक देशांत अशी काहीतरी तरतूद आहे. मग अशा माणसाचे करायचे काय? सोडून देता येत नाही आणि शिक्षाही करता येत नाही. म्हणून तो कुलूपबंद रुग्णालयात जातो. तुरुंगातल्या कैद्याला सुटकेची तारीख तरी माहीत असते, याला तीही नसते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मनोविकार असलेल्या माणसांपैकी फारच थोडी हिंसा करतात. आज बोलतो आहे ते त्या थोड्यांबद्दल. यातून 'मनोरुग्ण म्हणजे धोकादायक' असे कोणी घरी नेऊ नये.

आता जपान. २००१ साली ओसाकाजवळ इकेदा इथे एका प्राथमिक शाळेत घुसून एका माणसाने आठ मुलांचा जीव घेतला. त्याचा मनोविकाराचा पूर्वेतिहास वर्तमानपत्रांतून गाजला आणि देश हादरला. त्या लाटेत २००३ साली नवा कायदा मंजूर झाला आणि जुलै २००५ पासून अमलात आला. खून, जाळपोळ, दरोडा, बलात्कार, गंभीर दुखापत असे कृत्य मनोविकाराच्या भरात घडले, तर जिल्हा न्यायालयात एक न्यायाधीश आणि एक मनोविकारतज्ज्ञ मिळून त्या माणसाच्या उपचारांचा निर्णय घेतात. गंमत म्हणावी की विपर्यास, ज्या माणसामुळे हा कायदा आला तो कोर्टात पूर्णपणे जबाबदार ठरला आणि २००४ साली फाशी गेला. त्याला हा कायदा लागूच झाला नसता. लोकांच्या भीतीतून कायदा झाला की असे होते. इथल्या वकिलांच्या महासंघाने आणि अनेक मनोविकारतज्ज्ञांनी त्याला विरोध केला होता. 'पुढे काही करेल' म्हणून माणसाला कोंडून ठेवणे हीच याची खरी बाजू आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तो आक्षेप आजही संपलेला नाही.

पण या कायद्याने एक चांगली गोष्टही झाली. कोदाइरातल्या राष्ट्रीय केंद्राच्या रुग्णालयात जुलै २००५ मध्ये पहिला वॉर्ड सुरू झाला आणि मग देशभर झाले. वॉर्ड लहान, रुग्ण साधारण तीसच्या आसपास, कर्मचारी भरपूर. डॉक्टर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि व्यवसायोपचार तज्ज्ञ अशी पाच प्रकारची माणसे प्रत्येक रुग्णाभोवती असतात. उपचारांचे तीन टप्पे ठरलेले आहेत: आजाराचा भर ओसरण्याचा, सावरण्याचा आणि समाजात परतण्याच्या तयारीचा. मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी दीड वर्ष धरले आहे, प्रत्यक्षात पुष्कळांना जास्त लागते. दर सहा महिन्यांनी कोर्टाला पुन्हा विचारावे लागते. बाहेर पडल्यावर साधारण तीन वर्षे देखरेखीखाली उपचार चालतात. एकूण मुक्कामाला कमाल मर्यादा मात्र नाही, हे लक्षात ठेवा.

असा एक वॉर्ड आपल्यापासून दूर नाही. फुनाबोरीला तोएइ शिंजुकू लाइनची गाडी पकडली की शिंजुकूपुढे तेच रूळ केइओ लाइनला मिळतात. त्या लाइनवर हाचिमान्यामा स्टेशन लागते. तिथून चालत गेले की मात्सुझावा रुग्णालय. याच्या शेजारच्या बागेत एक तळे आहे, शोगुन-इके. नाव तिथल्याच एका जुन्या रुग्णाच्या टोपणनावावरून पडले, तो स्वतःला शोगुन म्हणवून घेई. हे तळे रुग्णांनी खणलेले आहे. १९२० च्या दशकात काटो फुसाजिरो नावाच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या हातात फावडी आणि टोपल्या दिल्या आणि स्वतःही त्यांच्याबरोबर मातीत उतरले. निघालेल्या मातीची टेकडी झाली, तिला काटोंचे नाव आहे.

त्या काळात हे किती धाडसाचे होते, ते समजायला थोडे मागे जावे लागेल. १९०० च्या कायद्याने जपानमध्ये घरच्या मनोरुग्णाला घरातच पिंजऱ्यासारख्या खोलीत कोंडून ठेवायची रीतसर परवानगी होती. ती १९५० पर्यंत टिकली. काटोंचे गुरुस्थान म्हणावे ते कुरे शुझो. त्यांनी १९०१ पासून रुग्णालयातले साखळदंड आणि बेड्या काढून टाकायला सुरुवात केली, आणि १९१८ साली त्या घरगुती कोठड्यांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. बेड्या काढल्यावर पुढचा प्रश्न येतोच: मोकळ्या झालेल्या हातापायांनी आता करायचे काय? तळे हे त्या प्रश्नाचे उत्तर होते.

त्या उत्तराला दुसरी बाजू आहे, तीही सांगायला हवी. 'काम म्हणजे उपचार' या नावाखाली रुग्णांकडून फुकट राबवून घेण्याचे प्रकार पुढे जपानमध्येही झाले आणि इतरत्रही. म्हणून आज कुठलाही खेळ किंवा काम 'थेरपी' म्हणून समोर आले की मी दोन गोष्टी पाहतो. रुग्णाला नाही म्हणता येते का? आणि फायदा नक्की कोणाचा होतो?

आता शरीराकडे येऊ. गंभीर मनोविकार असलेली माणसे इतरांपेक्षा सुमारे १० ते २० वर्षे आधी मरतात, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. आत्महत्या हे त्याचे एक कारण आहे, पण मोठा वाटा हृदयविकार, मधुमेह असल्या साध्या शारीरिक आजारांचा असतो. क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारखी औषधे भ्रम आवरतात, पण भूक वाढवतात, वजन आणि साखर वाढवतात. त्यात बंदिस्त वॉर्डाची भर घाला. स्वयंपाकघर कुलपात, जिना कुलपात, बाग ठरल्या वेळी आणि माणूस सोबत असेल तरच. दिवसभरात चालणे किती, तर खोलीपासून टीव्हीपर्यंत आणि टीव्हीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत. वेळ घालवायला बिस्किटे आणि कोला. वर्षा-दोन वर्षांत माणूस ओळखू येईनासा होतो. मन सावरत असते आणि शरीर खचत असते. आपण कायद्याने त्याला शिक्षा दिलेली नसते, पण आयुष्याची वर्षे मात्र काढून घेत असतो.

म्हणजे व्यायामाचा पहिला मुद्दा अगदी साधा आहे. ज्याला सरकारने कोंडले, त्याला चालायला जागा आणि वेळ देणे हे सरकारचेच काम आहे. निरोगी माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम हवा असे आपण सगळे ऐकतो, आणि बहुतेक जण करत नाही, ते सोडा! पण आपण न करणे ही आपली निवड असते. त्याच्याकडे निवडच नसते.

दुसरा मुद्दा मनाचा. स्किझोफ्रेनियात आवाज आणि संशय ही लक्षणे सगळ्यांना माहीत असतात. त्याहून चिवट असते ते मंदावणे: काही करावेसे न वाटणे, बोलावेसे न वाटणे, चेहऱ्यावरचे भाव विझणे. औषधे इथे फारशी कामाला येत नाहीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे दिसले, की आठवड्याला सुमारे ९० मिनिटे मध्यम ते जोरकस व्यायाम झाला तर लक्षणे कमी होतात. आपल्या बंगळुरूच्या निम्हान्समध्ये झालेल्या २००७ सालच्या अभ्यासात योगासने करणारे रुग्ण नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही सुधारलेले दिसले. जर्मनीतल्या २०१० च्या एका अभ्यासात तीन महिने सायकल चालवल्यावर मेंदूचा स्मरणाशी निगडित भाग वाढलेला आढळला. तो अभ्यास फार लहान होता आणि पुढच्या सगळ्या अभ्यासांत तसे दिसले नाही, म्हणून त्यावर उड्या मारायला नकोत. आणि हे सगळे अभ्यास मुख्यतः सर्वसाधारण मनोरुग्णांवरचे आहेत. खेळल्याने पुन्हा गुन्हा होण्याचे प्रमाण घटते, असे छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही. कोणी तसे सांगून जिम विकत असेल, तर सावध राहा.

मग मी त्यावर इतका भर का देतो? ते तिसऱ्या मुद्द्यामुळे, आणि माझ्या मते फॉरेन्सिक वॉर्डात तोच सर्वांत महत्त्वाचा.

बॅडमिंटनच्या दुहेरीचा एक तास डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला रॅकेटी मोजून बाहेर काढल्या जातात, शेवटी मोजून आत जातात. प्रत्येकाची त्या दिवशीची मनःस्थिती आधी परिचारिकेला विचारलेली असते. नवी औषधे सुरू असतील तर उठताना चक्कर येते, उन्हाचा त्रास लवकर होतो, म्हणून सुरुवात खुर्चीवरच्या व्यायामाने किंवा दहा मिनिटांच्या चालण्याने. क्लोझापिन नुकते चालू केले असेल तर हृदयाकडे लक्ष ठेवायचे. मग जोड्या पडतात. एका बाजूला रुग्ण आणि वॉर्डातला मदतनीस, दुसऱ्या बाजूला रुग्ण आणि मी. शटल रेषेवर पडते. आत की बाहेर? वाद होतो. आवाज चढतो. आणि इथे, मंडळी, त्या माणसाच्या उपचाराचा खरा क्षण असतो. तो काय करतो? रॅकेट आपटतो? 'सगळे माझ्याविरुद्ध आहेत' या जुन्या विचाराकडे जातो? की दीर्घ श्वास घेऊन 'पुन्हा खेळू' म्हणतो?

टेबलाशी बसून 'राग आला तर काय कराल' असे विचारले की सगळेच बरोबर उत्तर देतात. सहा महिन्यांनी कोर्टापुढे जायचे असते, उत्तरे पाठ असतात. मैदानावर पाठांतर चालत नाही. एक गृहस्थ आठवतात, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलतो. आजाराच्या भरात त्यांच्या हातून घरातल्याच माणसाचा जीव गेला होता. बरे वाटू लागल्यावर आपण काय केले हे कळले आणि ते पार मिटले. कित्येक आठवडे ते खेळाच्या तासाला येत, भिंतीशी बसत, खेळत नसत. मग गुण मोजायला लागले. गुण मोजताना एकदा वाद झाला, दोन्ही बाजूंनी त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी निर्णय दिला आणि तो दोघांनी मानला. पुष्कळ दिवसांनी कोणीतरी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. यात चमत्कार काही नाही. पुढेही त्यांना बरीच वर्षे लागली. पण टीममधल्या बैठकीत त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे काहीतरी नवे, खरे, प्रत्यक्ष पाहिलेले आमच्याकडे होते. सुटकेचा निर्णय अशाच लहान लहान निरीक्षणांवर उभा राहतो.

खेळात नियम सगळ्यांना सारखा असतो, डॉक्टरलाही. कुलपाआडच्या जगात ही गोष्ट फार दुर्मिळ आहे. ब्रॉडमूर हे इंग्लंडमधले १८६३ सालचे नामांकित बंदिस्त रुग्णालय. तिथेही व्हिक्टोरियन काळापासून क्रिकेट खेळले जाई, ते उगीच नाही. इथे जपानमध्ये मनोविकार असलेल्यांचा व्हॉलीबॉल हा राष्ट्रीय अपंग क्रीडास्पर्धेत २००८ साली ओइता इथे अधिकृत खेळ झाला. त्यांच्या फुटसालची आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१६ मध्ये ओसाकाला आणि मग २०१८ मध्ये रोमला झाली. हे खेळाडू कोर्टातून आलेले असतातच असे नाही, पण वॉर्डातून बाहेर पडलेल्या माणसाला जायला एक संघ आहे, ही केवढी मोठी गोष्ट! सुटल्यावर पहिल्या महिन्यात ज्याला बुधवारी संध्याकाळी कुठेतरी जायचे असते, त्याच्याबद्दल मला कमी काळजी वाटते.

आता मूळ प्रश्न. ज्याच्या घरचे माणूस गेले, त्याने बॅडमिंटनबद्दल काय म्हणावे? त्याला राग येणारच आणि तो राग चुकीचा आहे असे सांगायचा अधिकार मला नाही. फक्त दोन गोष्टी सांगतो. या गुन्ह्यांत पुष्कळदा गेलेला आणि मारणारा एकाच घरातले असतात. आई गेलेली असते आणि मुलगा आत असतो, वडिलांना दोघांसाठी रडायचे असते. अशा घराला 'कडक शिक्षा' हे उत्तर पुरत नाही. आणि दुसरे, हा माणूस बहुधा कधीतरी बाहेर येणार आहे. तो खचलेला, एकटा, कोणावर विश्वास नसलेला यावा, की स्वतःला आवरायला शिकलेला यावा? हा त्याच्या भल्याइतकाच आपल्या भल्याचा प्रश्न आहे.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की व्यायाम हे बक्षीस असू नये. 'नीट वागलास तर मैदान, नाहीतर नाही' असे झाले की ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याचाच व्यायाम बंद होतो. धोका असेल तेव्हा बॅटऐवजी चालणे द्या, मैदानाऐवजी बंद अंगण द्या, एकाऐवजी दोन कर्मचारी द्या. पण शून्य करू नका.

आता आपल्या घराकडे. मचांग लालुंग हे नाव ऐकले आहे का? आसाममधला हा माणूस १९५१ साली गंभीर दुखापतीच्या आरोपाखाली धरला गेला आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात गेला. १९६७ साली डॉक्टरांनी तो ठीक असल्याचे कळवले. त्याला गुवाहाटीच्या तुरुंगात हलवले आणि मग सगळे विसरले. खटला चाललाच नाही. तो सुटला जुलै २००५ मध्ये, ५४ वर्षांनी, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. ज्या महिन्यात जपानमध्ये दर सहा महिन्यांनी विचारणा करणारा कायदा सुरू झाला, त्याच महिन्यात.

महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तीनशेसाठसत्तर दिवसांत त्यांच्या फाटकावरून गेलो तरी आत कोण आहे हे आपण विचारत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दोन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. कलम २० नुसार रुग्णाला विरंगुळा आणि करमणुकीच्या वाजवी सोयी मिळायला हव्यात. कलम १०३ नुसार प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र हवे. कायदा २०१८ पासून लागू आहे. पण विरंगुळा म्हणजे कोपऱ्यातला टीव्ही आणि एक कॅरम, असाही अर्थ लावता येतो. तो अर्थ कोणता लावायचा, हे विचारणाऱ्यावर ठरते.

आपल्याकडे या विचाराची परंपरा नाही असे मात्र नाही. औंध संस्थान आठवा. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले. त्याच संस्थानात, आटपाडीजवळ, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या पुढाकाराने १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंती नाहीत, शेती आहे, कुटुंब सोबत. तिच्यावरूनच शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ साली आला. शरीराला शिस्त आणि माणसावर विश्वास, दोन्ही एकाच छोट्या संस्थानाने करून दाखवले. ते कैदी मनोरुग्ण नव्हते, हे खरे. पण दोन्हींना जोडणारा धागा आपल्याच मातीतला आहे.

परदेशात राहून आपण काय करू शकतो? कॅल्गरीचे प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांचे उदाहरण घ्या. घरातल्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या कुटुंबांसाठी संस्था उभी केली आणि 'देवराई' चित्रपटामागेही उभे राहिले. परदेशातल्या एका मराठी माणसाने हे केले. आपण निदान चार प्रश्न तरी विचारू. आपल्या गावच्या मनोरुग्णालयात कोर्टाकडून आलेले रुग्ण किती आहेत? त्यांना दिवसातून किती वेळ मोकळ्या हवेत नेतात? व्यायाम घेणारा प्रशिक्षित माणूस पगारावर आहे का? त्यांचे वजन आणि साखर नियमित तपासतात का? ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांना माहितीच्या अधिकारात हे रीतसर विचारता येते. देणगी द्यायची असेल तर टीव्ही देऊ नका. एका क्रीडाशिक्षकाचा वर्षाचा पगार द्या, आणि दुसऱ्या वर्षी तो सरकारने द्यावा म्हणून मागे लागा.

शेवटची एक गोष्ट, थोडी नाजूक. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा माणूस असेल, आत किंवा बाहेर. दर महिन्याला पैसे जातात आणि नाव कोणी काढत नाही. ते नाव इथे काढले तरी चालेल. चहाच्या वेळी मी मागे उभा आहे, हळू आवाजात विचारा. आणि ज्यांना मात्सुझावाचे तळे पाहायचे आहे, त्यांनी आपली नावे सचिवांकडे द्यावीत, पुढच्या महिन्यात एका शनिवारी जाऊ. आता प्रश्न घेऊ या. त्या बॅडमिंटनवाल्या मित्रापासूनच सुरुवात करू.